गोदामातले पारवे

मुंबईहून परतलेल्या माणसाला आमच्या गावात आधी विचारतात, काय काय बघितलंस. मग विचारतात, काय खाल्लंस. आणि सगळ्यात शेवटी, पिशवीवर डोळा ठेवून, काय आणलंस. मला यातलं कुणीच काही विचारलं नाही. मालवणच्या बंदरात मी उतरले तेव्हा माझ्यामागून कोण उतरलं आणि तिचं कपाळ कसं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण माझ्या शाळेतल्या मुलींना राहवलं नाही. "बाई, मुंबई कशी असते?" असं त्यांनी एके दिवशी विचारलंच, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. तेव्हा जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे. राणीचा बाग आणि चौपाटी ज्यांना वाचायची असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. मी मुंबईत पाहिले ते पारवे.

बोटीवर

मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती आणि गोळ्या चालत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शेजारचा बाबलो बोटीवरून आला तो स्वतःच्या घरी न जाता आधी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आला. माझा धाकटा भाऊ दत्ताराम लालबागला राहायचा, गिरणीत साचे चालवायचा. "दत्तारामाच्या अंगावरसून वारा गेला," एवढंच बाबलो म्हणाला. उजवा हात, उजवा पाय लुळा, तोंड वाकडं. यापलीकडे त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

आये, म्हणजे माझी आई, रडली नाही. रडणं तिला उशिरा येतं. ती म्हणाली, "पारवो लावक व्हयो."

आमच्याकडे पाखरू हे नुसतं पाखरू नसतं. उचकी थांबेना तर मोरपिसाची राख मधातून चाटवायची. छाती भरलेल्या माणसाला कुकुडकोंबा खाऊ घालायचा. भारद्वाज म्हणजेच आमचा कुकुडकोंबा. सांधे धरले तर ककणेराची, म्हणजे धनेशाची, चरबी. टिटवी घरावरून ओरडत गेली की आजारी माणसाच्या उशाशी बसून राहायचं. आणि वारं गेलं तर रानटी पारवा. माझ्या मामाच्या अंगावरून असंच वारं गेलं होतं. विहिरीतला पारवा धरायचा, त्याचं ऊन ऊन रक्त लुळ्या अंगाला चोळायचं, असं महिनाभर केल्यावर मामा चालता झाला आणि पुढे कित्येक वर्षं गावात लोकांची भांडणं लावीत हिंडला. मी शाळेत मुलींना विज्ञानाचे धडे देते, पण मामा चालताना मी डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा आयेला हसण्याचा मला अधिकार नव्हता, आणि मी हसलेही नाही.

"आमच्या विहिरीतलो एक पारवो डालग्यात घालून ने," आये म्हणाली.

"बोटीवर लोक काय म्हणतील? आणि मुंबईत पारव्यांना काय तोटा?" असं म्हणून मी नुसतं वळकटी आणि कोकमाची पुरचुंडी घेऊन निघाले.

बोटीचा प्रवास मला बाधतो. ज्याला बाधत नाही त्याने त्याचं वर्णन करावं. एवढंच आठवतं की रत्नागिरी सोडल्यावर पांढरे कुरव, ते समुद्रपक्षी, बोटीमागे लागले. कठड्याला टेकलेला एक खलाशी सांगत होता की हे पाण्यावर बसून राहिले की वारा फिरणार. ते बसले नाहीत. मला ते चांगलं चिन्ह वाटलं. आता वाटतं, वारा समुद्रावरचा होता, त्याचा दत्तारामशी काय संबंध!

लालबाग

भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर मुंबई मला आजारी माणसाच्या घरासारखी वाटली. सगळे हळू बोलत होते. ट्राम बंद. एक जळकी ट्राम तर रुळांवरच उभी होती आणि तिच्या खिडकीतून मांजर बाहेर बघत होतं. भिंतींवर खडूने, डांबराने, मिळेल त्याने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' लिहिलेलं. रस्त्यात फुटक्या सोडावॉटरच्या बाटल्यांच्या काचा इतक्या, की माझ्या पातळ वहाणेतून एक वर आली. लालबागपर्यंत मी लंगडतच गेले. चालताना लोक सांगत होते, "बाई, पाय उचला, अंधार पडायच्या आत घर गाठा, करफ्यू आहे." आमच्या गावात अंधार पडला की माणसं बाहेर येऊन खळ्यात बसतात. इथे अंधार पडला की रस्ता सरकारचा.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दत्तारामची खोली. त्याची बायको शालन दारातच बसली होती. मला पाहून उठली आणि "वन्सं" म्हणून तिने माझा हात धरला, तो किती तरी वेळ सोडला नाही. दत्ताराम खाटेवर होता. माझा भाऊ धिप्पाड. लहानपणी त्याला उचलून घेताना मला धाप लागायची. आता अर्धा माणूस झोपलेला आणि अर्धा जागा असं त्याचं झालं होतं. जाग्या अर्ध्याने त्याने मला पाहिलं. "ता..." एवढंच निघालं.

शालनने स्टोव्हवर चहा ठेवला आणि त्या आवाजाच्या आडोशाने काय झालं ते सांगितलं. चळवळीच्या मोर्चात दत्ताराम गेला होता. लाठीमार झाला. एक लाठी त्याच्या डोक्यात, कानाच्या वर, बसली. टेंगूळ आलं, थोडं रक्त आलं, तिने हळद दाबली. तो स्वतःच्या पायांनी घरी आला, जेवला, पुढचे चार-पाच दिवस व्यवस्थित होता. डोकं दुखतं म्हणायचा एवढंच. मग एका सकाळी त्याच्या हातून चहाचा कप पडला. तो कप उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"हॉस्पिटलात का नेलं नाहीस?" मी विचारलं.

"नेऊन? पलीकडच्या चाळीतले दोघं टाके घालायला गेले ते तिथूनच आत गेले. दारात पोलीस बसलेत वन्सं. डोक्याला मार दिसला की नाव विचारतात, मग गाडीत घालतात. ह्यांना असल्या अवस्थेत लॉकअपमध्ये टाकलं तर?" तिने चहात साखर घातली. मग म्हणाली, "आणि मार तर बरा झालाय. हे वारं आहे. तातूंनी बघून सांगितलं."

तातू हे शेजारच्या खोलीतले. मूळचे आमच्याच बाजूचे, कॉटन ग्रीनला एका गोदामावर रखवालदार. साठीच्या पुढचे, वाळलेल्या सुकटीसारखे. चाळीत कुणालाही काही झालं की माणसं आधी तातूंकडे जात. ते आले, दत्तारामचा लुळा हात हातात घेऊन त्याची बोटं एकेक करून वाकवली आणि मला म्हणाले, "बाय, घाबरा नको. बारको वारो आसा. पारव्यान उतारतलो. कालपासून सुरू केलंय."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आयेने सांगितलेलंच इथे चालू होतं. त्या रात्री शालनने बांगड्याचं तिखलं केलं होतं, मी आणलेलं कोकम घालून. दत्तारामला भरवताना अर्धं गालाबाहेर येत होतं. तरी मी समाधानाने झोपले.

दादर

सकाळी करफ्यू उठल्यावर तातूंना मी म्हटलं, "तुम्ही गोदामातून आणणार ते संध्याकाळी, तोवर कशाला थांबायचं? दादरला पारव्यांचा ढीग असतो म्हणतात. तिथून आणू या."

तातू हसले. "येवा, दाखयतंय."

दादरचा कबुतरखाना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चौकाच्या मधोमध गोल जाळी आणि आत पारवेच पारवे. दाण्यांची पोती उघडून शेट लोक मुठी मुठी उधळतात आणि हात जोडतात. शहरात माणसाला गोळी लागत होती, दुकानं बंद होती, पण पारव्यांचे चणे काही बंद नव्हते. मला राग आला. मग वाटलं, पाखरांचा काय दोष. आमच्याकडे पारवा म्हणजे विहिरीच्या कपारीतला चोर. त्याला दाणा मिळतो तो खळ्यावरून पळवलेला. इथे तो जावयासारखा जेवत होता.

एक पारवा अगदी पायाशी आला. मी इकडे तिकडे पाहिलं, पदर पसरला आणि त्याच्यावर टाकला. धरलाही! पण हातात इतका लठ्ठ आणि मऊ लागला की माझीच पकड सैल झाली. तेवढ्यात चणे विकणाऱ्या बाईने आरडाओरडा केला. "ए बाई! क्या करती? पाप लगेगा! छोड उसको!" चार माणसं वळली. पारवा पदरातून निसटून दोन हातांवर जाऊन पुन्हा चणे टिपू लागला. उडायचे कष्टही त्याने घेतले नाहीत. तातूंनी माझा दंड धरून मला रस्त्यापलीकडे नेलं.

"बघलास मा? ह्येंका मारूक गेलंव तर आपल्याक मारतले. आणि मारून उपेग काय? ह्यो बसून खाता. तेचा रगात थंड. वाऱ्याक थंड रगात लावलास तर वारो आणखी आत शिरता. आपल्याक व्हयो तो उडणारो."

आमच्या चाळीचे मालकही शेट. छपरावर रोज दाणे टाकायचे. म्हणून चाळीत पारवा मारल्याचा सुगावा कुणाला लागू द्यायचा नाही, पीसही दिसता कामा नये, असा तातूंचा कडक नियम होता. पिसं, पाय, डोकं सगळं ते फडक्यात बांधून जेवणाच्या डब्यात घालत आणि कामावर जाताना शिवडीच्या खाडीत टाकत. मला ती त्यांची हुशारी वाटली. पुढे काय होणार ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

कॉटन ग्रीन

संध्याकाळी करफ्यू लागायच्या आधी मी हट्टाने त्यांच्याबरोबर गोदामात गेले. लालबागहून चालत. रस्त्यात गाठोडी, गाड्या, ओस पडलेले धक्के. कापसाचा वास मला ठाऊक नव्हता. तो धूळ आणि जुनं अंथरूण यांच्या मधला असतो. पूर्वी इथे गिऱ्हाइकांच्या आरोळ्यांनी कान किटायचे असं तातू म्हणाले. आता एक माणूस नव्हता. दूर खाडीच्या चिखलात लांब पायांची पाखरं ओळीने उभी होती. "ते थंडीचे पाव्हणे," तातू म्हणाले. "तेंका कोण हात लावत नाय. खातत चिखल, वासही चिखलाचो."

गोदामाच्या आत वर, लोखंडी तुळयांवर, पारवे घुमत होते. आमच्या विहिरीत घुमतात तसेच. त्या आवाजाने मला एकदम घर आठवलं आणि डोळे भरून आले. तातूंनी कोपऱ्यातून मासे पकडायची जुनी जाळी काढली. गोदामातला उजेड जाईपर्यंत, आणि तो बाहेरच्या आधी जातो, पारव्यांना हात लावायचा नाही. अंधार पडताना सगळे परत येतात, जागेसाठी भांडतात, मग एक एक करून गप्प होतात. जो शेवटी येतो तो सगळ्यात लांबून उडून आलेला. तो दमलेला असतो पण त्याचं रक्त पेटलेलं असतं. त्यालाच धरायचा. तातू शिडीवर चढले. साठीचा माणूस, अंधारात, तुळईवर. मी खाली उभी राहून देवाचं नाव घेत होते. जाळी फेकल्याचा आवाज झाला, पंखांची फडफड झाली आणि ते सदऱ्यात काहीतरी घालून खाली आले.

त्यांनी त्याचे दोन्ही पंख पाठीवर एकमेकांत अडकवले. कोंबडीचे अडकवतात तसे. मग माझ्या हातात दिला. हलका, सडसडीत, मानेवर हिरवी-जांभळी झाक. त्याचं काळीज माझ्या तळव्यात इतकं धडधडत होतं की मला त्याची दया आली. पण भावापुढे पाखराची दया किती वेळ टिकणार. करफ्यूच्या आत आम्ही पळत पळत चाळ गाठली.

पुन्हा लालबाग

ते कसं करतात ते लिहायला हवं, कारण नुसतं 'रक्त लावलं' म्हटलं की लोकांना काहीच कळत नाही. दार लावून घ्यायचं. आजाऱ्याच्या अंगाला आधी तिळाचं तेल. मग तातूंनी पारव्याची मान कापली आणि ते रक्त थेट दत्तारामच्या खांद्यावर धरलं. शालन आणि मी दोघी मिळून ते निवायच्या आत खांद्यापासून बोटांपर्यंत, मग मांडीपासून टाचेपर्यंत खाली ओढत चोळत गेलो. वर चोळायचं नाही, वारं डोक्यात चढतं. रक्त वाळून कातडी ताणली की वरून जुन्या धडप्यांनी गुंडाळायचं. पहाटे ते सोडून गरम पाण्याने पुसायचं. आणि पारव्याचं मांस मिरी घालून शिजवून त्याचा कढ पाजायचा. खोलीभर तो वास. पुढे कित्येक दिवस माझ्या बोटांना तो येत राहिला.

दोन संध्याकाळी हे झालं. तिसऱ्या सकाळी मी धडपे सोडत होते आणि दत्तारामची करंगळी हलली. मी ओरडलेच. शालन धावत आली. तिने करंगळीला हात लावला तर ती पुन्हा हलली, आणि दत्ताराम स्पष्ट म्हणाला, "ताय." पूर्ण शब्द! शालन रडायला लागली, मी रडायला लागले, तातू दारात उभे राहून मान हलवत होते, जणू मुलाचं लग्न ठरलंय. त्या दिवशी आम्ही पावाबरोबर गोड शिरा केला. शेजारच्या बायका बघायला आल्या. दत्ताराम साच्यावर परत कधी जाईल याचीही चर्चा झाली. शालन म्हणाली, साचे नको, गावाला जाऊ, वन्संच्या शाळेत शिपाई होतील. दत्ताराम अर्ध्या तोंडाने हसला. मी पाहिलेलं ते त्याचं शेवटचं हसू.

संध्याकाळी आणखी एक पारवा लावला, आणि मग त्याला ओकारी झाली. रात्रभर तो घोरत झोपला. गाढ झोप लागली, वारं उतरतंय, असं आम्हाला वाटलं. आम्ही त्याला जागं केलं नाही.

पहाटे नळाला पाणी आलं नाही. रोज शालन सगळ्यांच्या आधी उठून धडपे धुवायची, ते त्या दिवशी बालदीत तसेच राहिले, गॅलरीत, दाराजवळ. आणि त्याच सकाळी पोलीस आले. आदल्या रात्री आमच्या गॅलरीतून कुणीतरी बाटल्या फेकल्या होत्या, त्याचा तपास होता. एक जमादार आणि मागे चार शिपाई. जमादार घाटावरचा, पिकल्या मिशांचा. तो सगळ्या खोल्या बघत आला आणि बालदीपाशी थांबला. वाकून त्याने काठीने एक धडपा उचलला. लाल पाणी टपटपलं.

"हे रगात कुणाचं?"

"पारव्याचं," शालन म्हणाली.

"पारव्याचं?"

"ह्यांच्या अंगावरून वारं गेलंय. पारव्याचं लावलंय."

जमादार रागावला नाही.  "आमच्या गावाकडंबी लावत्यात बाई. मला नका सांगू. पन पारव्याला पिसं असत्यात. पिसं कुटं हायेत?"

शालनने माझ्याकडे पाहिलं. मी तातूंच्या दाराकडे पाहिलं. ते कामावर गेले होते, आणि पिसं खाडीत. घरात पारव्याचं एक पीस नव्हतं, नख नव्हतं. आम्ही इतके शहाणे की एक हाडूकसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं. मी स्वतः हातात धरलेला तो हिरव्या मानेचा पारवा पोलिसांना कसा दाखवणार? मी सांगायला लागले, दादर, गोदाम, डबा, आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

जमादार आत गेला. त्याने दत्तारामच्या कानावरचे केस बाजूला केले. तिथे खपली होती. त्याने अंगठ्याने तिच्याभोवती दाबलं, मग दत्तारामच्या पापण्या वर केल्या. एका डोळ्यातली बाहुली मोठी, दुसऱ्यातली लहान. तो शिपायांना म्हणाला, "स्ट्रेचर आना. पळत जावा." मग आमच्याकडे वळला.

"हे वारं न्हाई बाई. हा लाठीचा मार हाय."

"तो तर बरा झाला," शालन म्हणाली. "त्यानंतर हे चार दिवस जेवले, चालले, बोलले."

"चालत्यात," जमादार म्हणाला. "लाठी कुटं बसली की काय होतंय ते आमाला इचारा."

माझ्या आयुष्यात मला कुणाचा इतका द्वेष वाटला नाही आणि कुणाचं इतकं खरं वाटलं नाही. इतक्या दिवसांत शालनला, तातूंना, मला, कुणालाही तो मार आणि ते वारं एकत्र जोडता आलं नव्हतं, आणि ज्याच्या हातात लाठी असते त्याने ते एका नजरेत जोडलं.

परळ

हॉस्पिटलात दत्तारामच्या खाटेशी एक शिपाई स्टूल टाकून बसला. जो माणूस डोळा उघडत नव्हता तो पळून कुठे जाणार होता, देव जाणे. शालनने ज्याची इतकी धास्ती घेतली होती ते हेच, स्टुलावर बसून पेंगणारं पोर. तिने त्याला पाणी नेऊन दिलं. कुणाला तरी काहीतरी द्यायला हवं होतं तिला.

डॉक्टर तरुण होते, डोळे तारवटलेले. त्यांनी दत्तारामच्या हातावरचे तांबडे डाग पाहून विचारलं, हे काय. मी सांगितलं. ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, "डोक्याच्या कवटीच्या आत रक्त साकळलंय. हळूहळू साठत गेलं, म्हणून आधी काही जाणवलं नाही. ते मेंदूवर दाबतंय. भोक पाडून काढतो. पण फार उशीर झालाय, ताई. कप पडला त्या दिवशी आणलं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आम्ही बाहेरून रक्त चोळत होतो आणि आत त्याचंच रक्त साठत होतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, शालनला तर नाहीच. पण जेवायला बसले, कपडे धुवायला बसले की ती माझ्यासमोर येऊन उभी राहते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ताराम गेला. शुद्धीवर आला नाही. शिपायाने उठून टोपी काढली आणि स्टूल उचलून दुसऱ्या खाटेकडे नेलं.

मी फाटकापाशी आले तर बाहेर तातू उभे. दोन्ही हात सदऱ्यावर घट्ट धरलेले. सदरा हलत होता. आदल्या रात्री शेवटच्या पारव्याची वाट बघता बघता करफ्यू लागला, म्हणून ते चाळीत न येता गोदामातच राहिले होते. सकाळी चाळीत परतल्यावर शेजाऱ्यांनी हॉस्पिटलचं सांगितलं तसे थेट इकडे आले, तेव्हापासून फाटकावर अडवलेले. "बाय, आत सोडूक सांग माका," ते म्हणाले. "ह्यो शेवटाक इललो. लय लांबसून इलो आसतलो. एकदा लावया. परवा करंगळी हलली ना? मग?"

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्या सुरकुतलेल्या, तेलकट हातांवर, त्या हुशार डब्यावर. पण हे हात अंधारात तुळईवर चढले होते ते माझ्या भावासाठी. मी म्हटलं, "तातू, दत्ताराम गेला."

 सदऱ्यातला पारवा घुमला. बाजूने जाणाऱ्या एका बाईने चमकून पाहिलं. तातूंनी मान खाली घालून छातीकडे पाहिलं, आणि मग वळून कॉटन ग्रीनच्या दिशेने चालायला लागले. त्या पारव्याचं त्यांनी काय केलं, मी विचारलं नाही. भोईवाड्याच्या स्मशानात चार माणसांत, गाजावाजा करायचा नाही या पोलिसांच्या अटीवर, आम्ही दत्तारामला पोचवलं. तातू तिथे होते. लांब उभे होते.

घरी

तार करायची नाही असं मी ठरवलं होतं. पोस्टातून गावभर होऊन मग आयेला कळण्यापेक्षा मी स्वतः सांगेन. शालनला घेऊन बोटीने आले. येताना कुरव मागे लागले की नाही ते मी पाहिलं नाही.

बैलगाडी खळ्यात शिरली तेव्हा मागच्या पडवीतून घुमण्याचा आवाज आला. आयेने विहिरीतले दोन पारवे धरून डालग्याखाली ठेवले होते. दत्तारामला मी घरी घेऊन येईन, उरलेला इलाज इथे करू, असा तिचा हिशेब. ती हात पुसत बाहेर आली, गाडीत पाहिलं, मग शालनच्या कपाळाकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, कप, लाठी, डॉक्टर. ती ऐकत राहिली. रडली नाही. दिवस झाले, लोक आले, गेले, तरी नाही. डालगं मात्र तिने कुणाला उचलू दिलं नाही. रोज पारव्यांना तांदूळ घालायची, पाणी बदलायची. पारवे घुमायचे आणि शालन कानांवर हात ठेवायची. मी एकदा सोडून दे म्हटलं, तर आयेने डालगं आपल्याकडे ओढून घेतलं.

मग एका सकाळी वरच्या वाडीतला गणपत धावत आला. "आये, बापाशीच्या अंगावरसून वारा गेला. तुमच्याकडे पारवे आसत म्हणान इलंय. एक माका दी."

आये उठली. डालगं कलतं करून एक पारवा काढला, पंख एकमेकांत अडकवले आणि गणपतपुढे धरला. त्याने हात पुढे केला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आयेने आपला हात मागे घेतला.

"बापूस खंय पडललो?"

"पडललो मा. माडावरसून. पण त्येका लय दिवस झाले. काय जावक नाय तेका, दुसऱ्या दिवशी कामाक गेललो."

आयेने पारव्याचे पंख सोडवले आणि त्याला परत डालग्याखाली सारला. "पारवो मेळाचो नाय."

"आये, असा काय करतंस? माझो बापूस मरात!"

"मरात म्हणानच दियत नाय. गाडी जुंप. आत्ताच्या आत्ता मालवणाक डागतराकडे न्हे. वाऱ्याचा नाव काढू नको. डोक्याक लागला म्हणान सांग."

गणपत क्षणभर घुटमळला. मग पळत सुटला. वाडीवर बैल हाकल्याचा आवाज आला, गाडी उताराला लागल्याचा आवाज आला, तोपर्यंत आये तशीच उभी होती. मग ती डालग्याशेजारी खाली बसली, त्यावर हात ठेवला आणि रडायला लागली.